न संपलेल्या खेळाचे गुण

प्रेमानंदला व्हिडिओ गेम खेळता येत नव्हते. बहुधा म्हणूनच त्यांची परीक्षणं लिहायचं काम त्याच्याकडे आलं.

'पटांगण' हे बेळगावातून निघणारं मराठी मासिक. अनगोळात पिठाच्या गिरणीवरच्या माडीत त्याचं कार्यालय. खाली जोंधळे दळतात, वर मजकूर. संपादक आण्णाप्पा सरांच्या ध्यानात आलं की तरुण माणसं मासिक हातात घेत नाहीत, मोबाईल घेतात. तेव्हा मोबाईलमधलंच काहीतरी मासिकात आणावं, असं त्यांनी ठरवलं. कार्यालयात तरुण म्हणावा असा एकच इसम होता. तो मराठी साहित्य घेऊन एम. ए. झाला होता आणि कवितांची मुद्रितं तपासत होता. सर म्हणाले, तुला परीक्षण लिहिता येतं ना, मग कशाचंही लिही.

प्रेमानंदनं लिहिलं. बर्फातून चालत निघालेल्या एका माणसाचा तो खेळ होता. वाटेत एक लाकडी पूल लागायचा. प्रेमानंदचा माणूस दर वेळी त्या पुलावरून खाली पडायचा. बराच वेळ पडून झाल्यावर प्रेमानंदला त्यात अर्थ दिसू लागला. पडणं हाच या कलाकृतीचा आशय आहे, असं त्यानं लिहिलं. एकटेपणा, दरी, शून्य असे त्याला आवडणारे सगळे शब्द त्यात बसले. खाली दहापैकी नऊ गुण दिले. दहा दिले असते तर भाबडेपणा वाटला असता.

अंक निघाला आणि कार्यालयाच्या फोनवर निपाणीहून निरोप आला.

'परीक्षण वाचलं. तो माणूस एकटा नाही. पूल ओलांडला की त्याची बहीण भेटते आणि ती शेवटपर्यंत त्याच्याबरोबर असते. तुम्ही पूल ओलांडला नाही वाटतं. ब्राह्मी.'

त्या निरोपात एकही वाईट शब्द नव्हता. म्हणून तो जास्त लागला. पुढच्या रविवारी प्रेमानंद निपाणीच्या बसमध्ये बसला. माफी मागायला चाललोय, असं त्यानं स्वतःला सांगितलं. खरं तर निपाणीत बसून असले पूल कोण ओलांडतं, ते त्याला बघायचं होतं.

ब्राह्मी त्याच्याहून थोडी मोठी निघाली. ती पी. यू. कॉलेजात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. वडिलांची तंबाखूची वखार आहे, थोडी शेती आहे, घर जैनांचं. या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. गल्लीतली बाकीची पोरं रात्री ताटावर बसायची तेव्हा ब्राह्मीपुढं सगळी संध्याकाळ मोकळी पसरलेली असायची. कोल्हापूरच्या मामानं टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा आणून दिला आणि ती संध्याकाळ भरली. पुढं डबे बदलत गेले, संध्याकाळ तीच राहिली. अर्ध्या जगाचे खेळ तिनं निपाणीत बसून संपवले. घरात कुणाला त्याचं नवल नव्हतं. एखाद्याला लोणचं आवडतं, तसं हिला हे आवडतं, एवढंच.

तिनं प्रेमानंदच्या हातात कंट्रोलर दिला आणि कसा पडतोस ते दाखव म्हणाली. प्रेमानंद पडला. ती थोडा वेळ बघत राहिली.

“तू उडी मारतोयस,” ती म्हणाली. “तिथं उडी न्हाय मारायची. नुसतं चालायचं.”

प्रेमानंद चालला आणि पलीकडे गेला. पलीकडे बहीण उभी होती. त्याच्या एकटेपणाच्या दीड पानाचं त्या क्षणी पाणी झालं. त्यानं तिथंच हात जोडले आणि म्हणाला, आक्का, इथून पुढं तुम्ही खेळा. ती म्हणाली, लिहायचं मला जमणार नाही, चार वाक्यांत माझं संपतं. मग वाटणी झाली. ती खेळणार आणि गुण देणार. तो शब्द देणार. तेव्हापासून 'पटांगण'मधलं खेळांचं पान दोघांच्या नावानं निघू लागलं. काही महिन्यांत त्याच्या 'तुम्ही'चं 'तू' झालं, आक्का मात्र तशीच राहिली.

हळूहळू प्रेमानंदला या धंद्याची रीत कळली. कंपनी खेळ बाजारात यायच्या आधी पाठवते. सोबत एक तारीख असते, तिच्याआधी शब्दही छापायचा नाही. परीक्षक खेळतो, लिहितो आणि खाली आकडा टाकतो. वाचक लेख वाचत नाहीत, आकडा वाचतात. प्रेमानंदला हे कळलं त्या दिवशी तो जेवला नाही. आणि आकडाही म्हणायला दहापैकी. खरं तर तो सातला सुरू होतो. सात म्हणजे बरा, आठ म्हणजे चांगला, नऊ म्हणजे परीक्षक घाबरलाय. सहा दिले की कंपनीचा माणूस फोन करून तब्येत विचारतो. गावाकडच्या भजन स्पर्धेत एकही मंडळ रिकाम्या हातानं परत जात नाही, काही नाही तर उत्तेजनार्थ मिळतंच. इथंही तसंच होतं, फक्त टाळ नव्हते.

ब्राह्मीला ही रीत मान्य नव्हती. दहा आकडे दिलेत तर दहाही वापरायचे, असं तिचं म्हणणं. तिनं एकदा एका मोठ्या खेळाला चार दिले. त्या कंपनीनं पुन्हा काही पाठवलं नाही. आण्णाप्पा सर कळवळले. प्रेमानंद मध्ये पडला, म्हणाला, आक्का, चारचे साडेचार तरी कर. ती म्हणाली, पोरांच्या पेपरात मी असं केलं तर चालेल का तुला?

तिचा नियम एकच होता. खेळ शेवटपर्यंत गेल्याशिवाय गुण द्यायचा नाही. हा नियम प्रेमानंदच्या पुलामुळे आला होता. तो दोघांनी मिळून केला असं प्रेमानंद सगळ्यांना सांगायचा. त्यात त्याचा वाटा म्हणजे तो पुलावरून पडला होता.

यंदाच्या आषाढात निपाणीला एका मुनिमहाराजांचा चातुर्मास ठरला. चातुर्मासात घरोघर लोक महाराजांपुढे जाऊन काहीतरी नियम घेतात. कुणी हिरवी भाजी सोडतं, कुणी गोड. ब्राह्मीनं नियम घेतला की चार महिने हालतं चालतं काही मारणार नाही, पडद्यावरचंसुद्धा. महाराजांनी विचारलं, पडद्यावरचं म्हणजे काय? तिनं सगळं समजावून सांगितलं. महाराजांनी डोळे मिटले, बऱ्याच वेळानं उघडले आणि नियम दिला.

प्रेमानंदला हे फोनवर कळलं तेव्हा तो माडीच्या पायरीवर बसला. व्हिडिओ गेममध्ये मारायचं नाही म्हणजे स्वयंपाकघरात चूल पेटवायची नाही. त्यानं हळूच विचारलं, मग या महिन्याचं पान?

“पान निघंल की,” ब्राह्मी म्हणाली. “खेळायचं सोडलं न्हाय मी. मारायचं सोडलंय.”

पुढं तिनं जे केलं ते प्रेमानंद थक्क होऊन बघत राहिला. युद्धाच्या एका खेळात ती भिंतीभिंतीच्या आडून, कुणाच्या नजरेला न पडता, सगळी लढाई पार करून पलीकडे गेली. शेवटी सेनापतीनं तिला पदक दिलं. कशाबद्दल ते त्यालाही सांगता आलं नसतं. कुस्तीसारख्या एका खेळात ती वेळ संपेपर्यंत आखाड्याभोवती पळत राहिली. समोरचा पैलवान दमून खाली बसला. मासेमारीच्या खेळात तिनं शेवटचा दिवस संपेपर्यंत गळ टाकलाच नाही आणि पाणी फार छान काढलंय म्हणून सात गुण दिले. प्रेमानंदनं हे जसंच्या तसं लिहिलं. त्याला वाटलं, आता पान बंद. उलट चिकोडीहून, सदलग्याहून फोन आले. चातुर्मासात पोरांना कुठले खेळ द्यावेत ते कळलं म्हणून आया खूश होत्या. आण्णाप्पा सर म्हणाले, ही तुझी कल्पना फार चांगली. ती आपली नाही, असं प्रेमानंद म्हणाला नाही.

आणि मग ओमकारचा खेळ आला.

ओमकार कंग्राळीचा. प्रेमानंद आणि तो कॉलेजात एका बाकावर होते. ओमकारनं उद्यमबागेतल्या कारखान्यातली डिझाइनची नोकरी सोडून घरी बसून खेळ बनवायला घेतला होता. घरातली माणसं शेतावर जायची, हा संगणकावर शेत काढायचा. त्याचे वडील भरमा पाहुण्यांना सांगायचे, पोरगा पण शेतीच करतो, फक्त पाऊस लागत नाही. खेळाचं नाव 'राखण'. खानापूरच्या जंगलाकडेला भाताचं शेत आहे. रात्री रानातली जनावरं येतात. डुक्कर, माकड, सांबर. खेळणाऱ्यानं शेत राखायचं. डबा वाजवून, टेंभा दाखवून, मचाणावरून ओरडून त्यांना हुसकावता येतं, नाहीतर मारता येतं. शेवटच्या शेतात गवा येतो. हा एवढा मोठा, काळा, पांढऱ्या पायांचा.

बेंगळुरूची एक कंपनी हा खेळ घेऊन देशभर, देशाबाहेरही काढायला तयार होती. ओमकारलाही ती पुढच्या कामासाठी ठेवून घेणार होती. अट एकच. भारतातल्या खेळांचे गुण गोळा करून त्यांची सरासरी दाखवणारं एक संकेतस्थळ आहे. तिथं किमान पाच परीक्षणं हवीत आणि दहाचे शंभर धरून सरासरी पंचाहत्तर हवी. तीही दसऱ्याच्या आत. चार परीक्षणं आली होती. त्यांची सरासरी होती चौऱ्याहत्तर. पाचवं 'पटांगण'चं.

म्हणजे सगळं ब्राह्मीच्या आकड्यावर होतं. हे ओमकारला माहीत होतं, प्रेमानंदला माहीत होतं, आणि कंग्राळीच्या चहाच्या टपरीवर प्रेमानंदनं ओमकारच्या पाठीवर थाप मारून सांगितलं होतं, नऊ धरून चाल.

असं का सांगितलं, ते त्याला नंतर बरेच दिवस कळेना. पान आपलं आहे असं त्याला त्या वेळी खरोखर वाटलं असावं. चहाचाही परिणाम असेल.

भाद्रपदातलं जैनांचं दशलक्षण पर्व संपलं आणि ब्राह्मीनं 'राखण' खेळायला घेतला. रोज संध्याकाळी ती फोन करायची. डुकरं गेली. माकडं गेली, त्यांनी फार छळलं. सांबर डबा न वाजवताच गेलं, बिचारं. प्रेमानंद ओमकारला कळवायचा, फत्ते. मग एक दिवस तिचा फोन आला तो वेगळ्या आवाजात.

“शेवटचं शेत राहिलं. ते माझ्याकडून होणार न्हाय.”

गवा डब्याला भीत नव्हता. टेंभ्याला भीत नव्हता. मचाणावर बंदूक ठेवली होती आणि ती उचलल्याशिवाय खेळ पुढं सरकत नव्हता. ब्राह्मीनं बंदूक उचलली नव्हती. खेळ संपला नव्हता. म्हणून गुण नाही.

प्रेमानंद दुसऱ्या दिवशी निपाणीला पोचला. सगळा प्रवास तो मनात भाषण जुळवत होता. संकेश्वर येईपर्यंत ते चांगलं जमलं होतं. ब्राह्मीपुढं बसल्यावर त्यातलं काही आठवेना. त्यानं बेंगळुरूच्या कंपनीचं सांगितलं, दसऱ्याचं सांगितलं, ओमकारनं सोडलेल्या नोकरीचं सांगितलं. आणि म्हणाला, आक्का, नऊ दे.

ती म्हणाली, दिवाळीनंतर माझा नियम संपतो, तेव्हा खेळते आणि देते. तो म्हणाला, तेव्हा उपयोग नाही. मग त्याला एकदम मुद्दा सुचला आणि तो खुर्चीत सरसावून बसला.

“अर्धाच पेपर लिहिणाऱ्या पोरालाही तू गुण देतेसच की.”

“देते,” ब्राह्मी म्हणाली. “तिथं पोरानं अर्धा सोडलेला असतो. इथं मी सोडलाय.”

प्रेमानंदचा मुद्दा तिथंच निवर्तला. ब्राह्मीच्या आईनं दोघांपुढं शेंगदाण्याचे लाडू ठेवले. त्यानं दोन खाल्ले. वाद हरल्यावर त्याला भूक लागते. निघताना ब्राह्मी दारापर्यंत आली आणि म्हणाली, पान दोघांचं आहे ना, मग या वेळी तू खेळ. तू संपव आणि तू गुण दे. तुझा आकडा म्हणून छाप.

बसमध्ये त्यानं ओमकारला फोन लावून शेवटचं शेत बदलता येईल का विचारलं. ओमकार म्हणाला, “गवा मारायचा न्हाय तर काय त्याला चहा पाजायचा काय रं?” दसऱ्याच्या आत आता काही बदलता येणार नव्हतं. आणि नऊ धरून चाल असं तूच म्हणालतास की, असं तो पुढं म्हणाला. प्रेमानंद व्हय म्हणाला.

मग प्रेमानंद खेळायला बसला. मराठी साहित्याचा एम. ए. झालेला माणूस पहिल्या शेतात गेला आणि विहिरीत पडला. ती विहीर ओमकारनं शोभेसाठी काढली होती. खेळात तिचं काही काम नव्हतं. देशातल्या चार परीक्षकांपैकी कुणाला ती दिसलीसुद्धा नव्हती. प्रेमानंद तिच्यात पुन्हा पुन्हा पडला. बाहेर निघाला की डुक्कर यायचं. डबा वाजवायला जावं तर टेंभा पेटायचा, टेंभा पेटवायला जावं तर तो मचाणावरून उडी मारायचा. माकडांनी एकदा त्याचं सगळं शेत खाल्लं आणि मचाणावर बसून राहिली. त्याला ते चेहरे ओळखीचे वाटले. शेवटी त्यानं खेळाच्या सुरुवातीला जाऊन 'सोपा' हा पर्याय निवडला. त्याखाली आणखी एक होता, 'अगदी सोपा'. इकडेतिकडे बघून त्यानं तो निवडला.

तसा तो गव्यापर्यंत पोचला. बंदूक उचलली, चाप ओढला. 'अगदी सोपा'मध्ये एका गोळीत गवा पडला. पडद्यावर घरची माणसं नव्या भाताचा भात खाताना दिसली. सनई वाजली. खेळ संपला.

प्रेमानंद त्या भाताकडं बघत बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एक खेळ संपवला होता आणि आता पहिल्यांदा त्याला स्वतःचा आकडा द्यायचा होता. बर्फातल्या माणसाचे नऊ धरायचे नाहीत असं त्यानं ठरवलं.

आधी त्यानं नऊ लिहिले. ओमकारला तसं सांगितलं होतं. मग त्याला वाटलं, बेळगावात सगळ्यांना माहीत आहे की आम्ही एका बाकावरचे. लोक म्हणतील, मित्राला दिले. त्यानं आठ केले. आठकडे बघितल्यावर वाटलं, हे तर नऊच आहेत, जरा लाजलेले. शिवाय सनई त्याला आवडली नव्हती. त्यानं सात केले. सात तर सगळेच देतात, त्यात परीक्षक कुठं दिसतो? ब्राह्मीनं चार दिले होते, ती दिसली होती. आपणही पक्षपात करत नाही हे दिसायला हवं. त्यानं साडेसहा केले. अर्धा गुण त्याला फार आवडला. अर्धा गुण असला की माणसानं विचार केलाय असं वाटतं.

विहिरीबद्दल, 'अगदी सोपा'बद्दल सगळं त्यानं खरं लिहिलं. लेख चांगला झाला होता. आण्णाप्पा सर हसले, गिरणीवाला वर येऊन वाचून हसला. सरासरी बहात्तरवर आली. बेंगळुरूच्या कंपनीनं ओमकारला चांगल्या भाषेत नकार कळवला.

ओमकारनं फोन उचलायचं सोडलं. प्रेमानंदनं आठवडाभर आपण कसे ताठ राहिलो याचा विचार केला. मित्र गेला, पण कणा राहिला, असं एक वाक्यही त्याला सुचलं. ते त्यानं टिपून ठेवलं नाही, एवढीच त्यातली जमेची बाजू.

मग अंक निपाणीला पोचला आणि ब्राह्मीचा फोन आला.

“साडेसहा कुठनं आणलंस रं?”

प्रेमानंदनं समजावून सांगितलं. मैत्री, पक्षपात, परीक्षकाची जबाबदारी. ती ऐकत राहिली. शेवटी त्यानं सहज विचारलं, तू काय दिले असतेस?

“आठ.”

प्रेमानंदला वाटलं, फोनमध्ये काही बिघाड आहे. ब्राह्मी वर्षभरात कुणाला आठ देत नसे. त्यानं मनात बेरीज केली. तिच्या आठनं सरासरी पंचाहत्तरच्या वर गेली असती. निसटती, पण गेली असती.

“आक्का, मी निपाणीला आलो होतो. तासभर तुझ्यासमोर बसलो. तू बोलली का न्हाईस?”

“तू विचारलंस कुठं?” ती म्हणाली. “नऊ दे, एवढंच म्हणालास.”

प्रेमानंदनं ती भेट आठवून बघितली. तो तिच्याकडे गेला, बसला, लाडू खाल्ले, कंपनीबद्दल बोलला, दसऱ्याबद्दल बोलला. खेळ कसा वाटला, हा एक प्रश्न त्याच्या तोंडून आला नव्हता. परीक्षणाचं पान लिहिणाऱ्या माणसाला तो सुचला नव्हता.

मग ब्राह्मी म्हणाली, मीही सांगू शकले असते. छापायचं नव्हतं, पण तुला सांगायला कुणी अडवलं नव्हतं. माझा नियम मी जपत बसले. ओमकारच्या गावाला कसं जायचं ते सांग. मला त्याला भेटायचं आहे.

रविवारी ती बेळगावला आली. प्रेमानंद तिला घेऊन सिटी बसनं कंग्राळीला गेला. ओमकार दारात उभा होता. तो ब्राह्मीला या आक्का म्हणाला. प्रेमानंदसाठी नुसतं दार उघडं ठेवलं. सोमवारपासून तो उद्यमबागेत परत कामाला जाणार होता. भिंतीला खिळ्यावर धुतलेला शर्ट अडकवला होता.

ब्राह्मीनं प्रस्तावना केली नाही. मी आठ देणार होते, पण खेळ संपला नव्हता म्हणून दिले नाहीत, असं तिनं सांगून टाकलं. ओमकारच्या चेहऱ्यावर काय झालं ते बघायचं धाडस प्रेमानंदला झालं नाही. तो खिळ्यावरच्या शर्टाकडं बघत राहिला.

“मनात आठ ठेवून मला काय उपयोग, आक्का?” ओमकार म्हणाला.

“काही न्हाय,” ब्राह्मी म्हणाली. “पण कशाबद्दल आठ, ते तुला कळायला पायजे.”

मग तिनं सांगितलं. बंदूक उचलायची नव्हती म्हणून तिनं डबा खाली ठेवला, टेंभा खाली ठेवला आणि बांधावर उभी राहिली. गवा खात होता. तो खात खात बांधापर्यंत आला. भात संपला तेव्हा त्यानं मान वर केली आणि तिच्याकडं बघितलं. तो तिथंच थांबला. रात्र सरली, उजाडलं, पाखरं ओरडू लागली. गवा उभा, ती उभी. मग पुन्हा अंधार पडला. तिनं कंट्रोलर हातात धरला होता, पण एकही बटण दाबावंसं वाटलं नाही. वर्षभरात कुठल्या खेळात इतकं चांगलं वाटलं नव्हतं, असं ती म्हणाली.

ओमकार तिच्याकडं बघत होता. “ते मी केलेलंच न्हाय,” तो म्हणाला. गवा मान वर करतो ते नेम धरता यावा म्हणून. दिवसरात्र मागच्या शेतातली चालू राहिली होती, ती बंद करायची राहून गेली. पाखरंही तिथलीच. गोळी न घालता कुणी तिथं उभं राहील, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“म्हणजे माझ्या चुकीला आठ,” तो म्हणाला.

“व्हय. बाकीच्याला सात.”

प्रेमानंदला वाटलं, आता हा आपल्याला आणि हिला दोघांनाही बाहेर काढणार. पण ओमकार हसला. फार नाही, नाकातून एकदा. मग त्यानं कॉटवरचा लॅपटॉप ओढला, शेवटचं शेत उघडलं आणि ब्राह्मीपुढं केलं. नेमक्या कुठं उभ्या होतात ते दाखवा, म्हणाला. तिनं बांधावर बोट ठेवलं. त्यानं विचारलं, तिथून त्याचे डोळे दिसत होते काय? ती म्हणाली, एकच, डावा. ओमकारनं खुर्ची पुढं ओढली. दोघं पडद्यावर वाकले. गवा भात खात होता.

प्रेमानंदला काहीतरी म्हणावंसं वाटलं. शांततेबद्दल एक बरं वाक्य त्याच्याकडे तयार होतं. तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला आणि त्यानं घसा साफ केला.

“प्रेमानंद,” ओमकार मान वर न करता म्हणाला, “जरा बाजूला सरक. उजेड अडतोय.”

प्रेमानंद सरकला.